धोंड्याची सायकल

आमच्या लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पन्नाशीतला माणूस सायकल घेतो म्हणाला, की लोक दोनच शंका काढतात. एक तर धंदा बसला, नाहीतर डॉक्टरनं घाबरवलं. माझी आडत बरी चालली होती, म्हणून मला दुसऱ्या खान्यात टाकून सगळे मोकळे झाले. ते खोटं नव्हतंच. सकाळी गादीवर बसायचं, सोयाबीन-तुरीचे सौदे करायचे, येईल त्याच्याबरोबर चहा प्यायचा आणि संध्याकाळी गादीवरून उठून घरच्या सोफ्यावर बसायचं. पोट पुढं येणार नाही तर काय होणार? डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आता चालणं ह्या प्रकाराचा मला मनापासून कंटाळा आहे. बागेत चालणारी माणसं दुखण्याशिवाय दुसरं काही बोलतच नाहीत. थोड्याच दिवसांत अर्ध्या लातूरची शुगर मला तोंडपाठ झाली आणि मी बाग सोडली.

मग सायकल आठवली. कॉलेजला नांदेडला होतो, तेव्हा भाड्याच्या सायकलीवर मी सगळं गाव पालथं घातलं होतं. लग्न झालं, स्कूटर आली, आणि सायकल जी सुटली ती सुटलीच. शेजारच्या आडत्यानं नवी हायब्रीड घेतली होती. "बसून तर बघा," म्हणाला. बसलो आणि औसा रस्त्यानं लांबवर जाऊन आलो. तोंडावर वारा, डोक्यात काही नाही. दुकानात आलो तेव्हा मी एकटाच हसत होतो. हमालांनी एकमेकांकडं बघितलं.

त्याच आठवड्यात लातुरातल्या सायकलीच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलघेवडा, पण धंद्याला पक्का. त्यानं मला सगळं समजावलं. रेसच्या सायकलीला हँडल खाली वाकलेलं, म्हणजे माझं पोट मांडीवर आपटणार. डोंगरात चालवायच्या सायकलीला टायर जाड, म्हणजे डांबरी रस्त्यावर उगीच जीव काढणार. हायब्रीड ह्या दोन्हींच्या मधली. हँडल सरळ, टायर बेताचा, ताठ बसायचं आणि आरामात पायडल मारायचं. मोंढ्यात हायब्रीड म्हटलं की ज्वारी आठवते, पण मी गप्प राहून ऐकलं. शेवटी त्यानं मला दांड्यावरून पाय टाकून उभं केलं.

"काका, रंगबिंग नंतर बघा. थांबलं की पाय टेकले पाहिजेत. न्हाई टेकले तर ती सायकल तुमची न्हाई."

माझी उंची बेतास बात. तिसरी सायकल मापाची निघाली. करड्या रंगाची, साधी, दिसायला काही विशेष नाही. मला लई आवडली. "पुढच्या सोमवारी घेतो," म्हणालो. सोमवार महादेवाचा, म्हणून म्हणालो. तेवढं म्हणायला नको होतं.

त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. अधिक महिना आला की आमच्याकडं जावयाची चंगळ असते. सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं वाण देतात, कपडे करतात, आणि ऐपतीप्रमाणं एखादी वस्तू देतात. तीन वर्षांतून एकदा येणारा मान. नांदेडहून सासूबाईंचा फोन आला आणि बोलता बोलता माझी बायको बोलून गेली, "ह्यांचं सध्या सायकल सायकल चाललंय."

झालं! लगेच सासऱ्यांनी फोन हातात घेतला. सासऱ्यांना मी मामा म्हणतो.

"जावईबापू, सायकल घेऊ नका. सायकल आमच्याकडून."

"मामा, कशाला उगीच? मी बघून ठेवलीय."

"बघून ठेवली तर ठेवली. लग्नात तुम्हाला गाडी द्यायची माझी लई हौस होती, ती राहून गेली. आता ह्या दुखण्यातून उठलोय. पुढचा अधिक मी बघतो का न्हाई, कुणाला ठाऊक? एवढं करू द्या."

आता बोला! गेल्या उन्हाळ्यात मामांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर ते घराबाहेर फारसे पडत नव्हते, जेवणावर लक्ष नव्हतं, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी "आता आमचं काय राहिलंय" हे ठरलेलं होतं. बायको ते ऐकून फोन ठेवल्यावर रडायची. आणि आज किती दिवसांनी त्यांच्या आवाजात हुरूप होता. मी काय नाही म्हणणार? एवढंच म्हणालो, "बरं मामा. फक्त हायब्रीड घ्या."

"ते आमच्याकडं लागलं," मामा म्हणाले.

नांदेडला गेलो. पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि तुपात बुडवलेले धोंडे एकामागून एक ताटात पडायला लागले. नको म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "एकच, माझ्या हातचा." तो एकच संपेचना. हात धुतल्यावर सगळे अंगणात आले. मधोमध नवी चादर पांघरून काहीतरी उभं होतं. मामा खुर्चीत बसले होते, अंगावर धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती. त्यांनी मान हलवली आणि मेव्हण्यानं चादर ओढली.

मी बघतच राहिलो. टायर एवढे जाड की मोटारसायकलीला लाज वाटावी. पुढं शॉकअप, मधे शॉकअप, अंगावर लाल-पिवळ्या ज्वाळा. आणि उंच! मला आधी वाटलं, काहीतरी खाली ठेवून उभी केली असेल.

"दाजी, कशी हाय?" मेव्हणा खुशीत होता. "तो दुकानवाला हायब्रीडच दाखवून राहिला होता. बारीक टायर, मुकाट रंग. बाबा म्हटले, अंगणात उभी केली तर शेजारी इचारतील, ही काय जावयाची हाय का दूधवाल्याची? मग मोठ्यात मोठी काढायला लावली. मी स्वतः चालवून बघितली."

मेव्हणा सहा फूट आहे. त्याला ती मापात बसली असणार.

मी मामांकडं बघितलं. किती दिवसांनी ते असे ताठ बसले होते! चेहऱ्यावर असा काही आनंद होता की खरं बोलायचं राहूनच गेलं. तोंडातून निघालं ते, "लई भारी, मामा! एक नंबर!"

सासूबाईंनी हँडलला विभूतीची बोटं ओढली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग गल्लीतून आवाज उठला, "जावई, एक चक्कर!" दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बायामाणसं येऊन उभी. पोटात धोंडे, अंगावर नवा कोरा पोशाख, आणि वर चढायचं कसं ते कळेना. शेवटी शेजाऱ्याच्या ओट्यावर पाय दिला आणि टांग टाकली. सायकल निघाली. जाताना बरी गेली. येताना थांबायचं कुठं हा प्रश्न पडला, कारण पाय लोंबत होते. मी आपला परत त्याच ओट्याला जाऊन आदळलो, खांबाला मिठी मारली आणि हसून हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी नाही वाजवल्या. ते माझ्या पायांकडं बघत होते. मला वाटलं, नवीन बुटांकडं बघतायत.

सायकल पिकअपमध्ये टाकून लातूरला आणली. वाटेत चाकूरला चहाला थांबलो, तर हॉटेलवाला म्हणाला, "पोरासाठी घेतली का, मालक?" बायकोला असं हसू फुटलं की तिचा चहा सांडला.

मी प्रामाणिकपणे प्रयत्न केले, हे देवाला ठाऊक आहे. सीट पार खाली घातली. तरी चवड्यांच्या टोकांवर कसाबसा एका बाजूला उभा राहायचो. कुठंही थांबायचं म्हणजे आधी दगड शोधायचा, नाहीतर दुभाजक, नाहीतर उभी रिक्षा. एकदा तर एका रिक्षाला धरून थांबलो आणि रिक्षा निघाली. वजन असं की घराच्या फाटकातून आत घेताना माझा व्यायाम पुरा व्हायचा. मग एका सकाळी गंजगोलाईच्या बाजाराजवळ म्हैस आडवी आली, मी ब्रेक मारला, पाय टेकायला गेलो, पाय पोचलाच नाही, आणि मी अगदी सावकाश, सगळ्यांना नीट बघता येईल असा, कोथिंबिरीच्या पाटीत आडवा झालो. भाजीवालीनं आधी जुड्या झटकल्या, मग मला उठवलं. "एवढी हौस हाय तर लहान घ्या की, काका," म्हणाली.

तिला कळलं, तेवढं मला सासऱ्यांना सांगता येत नव्हतं.

सायकल जिन्याखाली गेली. बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका ना बाबांना."

"काय सांगू? तुमचं वाण परत घ्या म्हणून?"

"मग आपली आपण ती करडी घ्या."

"आणि ते आल्यावर काय दाखवू? दोन सायकली? एक मानाची, एक कामाची?"

अडचण साधी होती. मला सायकल चालवायची होती, आणि मामांचं मन मोडायचं नव्हतं, आणि ह्या दोन गोष्टी एका घरात नांदेनात. त्यात मामांचा रोज संध्याकाळी फोन. आधी आठवड्यातून एकदा, तोही बायकोनं लावला तर बोलणारा माणूस, आता स्वतः लावायचा. "आज कुठवर गेला होतात? चेन वंगण मागून राहिली का? हवा बघत जा." मी म्हणायचो, झकास चाललीय, मामा. बायको बाजूला तोंड फिरवून बसायची. मोंढ्यात सौदा करताना तोंडावरची माशी न हलू देणारा मी, पण त्या फोनवर मला घाम फुटायचा.

एकदा मामांनी फोटो मागितला. जावई सायकलीवर बसलेले पाहिजेत. आता आली का पंचाईत! मी डोकं लढवलं. घरामागं बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. सायकलीच्या दोन्ही बाजूंना विटा मांडल्या, त्यांच्यावर पाय ठेवून ऐटीत बसलो, आणि बायकोला म्हणालो, खालचं येऊ देऊ नकोस. तिनं फोटो काढला, मेव्हण्याच्या मोबाइलवर पाठवला, आणि आम्ही निश्चिंत झालो. संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायको घाबरली, तब्येत तर बिघडली नसेल? मेव्हण्याला विचारलं तर तो म्हणाला, "तब्येतीला काय झालंय? काल सगळी गल्ली पायी फिरून आले. पण तुमच्यावर गरम हायत."

दोन दिवसांनी सकाळी फाटक वाजलं. बघतो तर मामा! मागं मेव्हणा, हातात पिशवी. ऑपरेशन झाल्यापासून शेजारच्या गल्लीत न गेलेला माणूस पहिल्या एसटीनं लातूरला आला होता. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. सायकल कुठाय?"

बायकोनं जिन्याकडं बोट केलं. मामा गेले, उपरण्यानं सीटवरची धूळ झटकली, बोटाला लागलेली धूळ मला दाखवली, आणि पायरीवर बसले.

"फोटोत वीट दिसून राहिली होती, जावईबापू. विठोबा झाला व्हय तुमचा?"

मेव्हणा फस्सकन हसला. मला कुठं तोंड लपवू असं झालं. बायकोनं मोबाइल काढून फोटो बघितला. डाव्या बुटाखाली विटेचा कोपरा चांगला लालभडक दिसत होता.

"मामा, चुकलं माझं. पण तुम्ही एवढ्या हौसेनं..."

"आधी ऐका माझं," मामा म्हणाले. "माझ्या लग्नात सासऱ्यानं मला सायकल दिली. धर्माबादेहून आणली, काळी, चोवीस इंची फ्रेमची. मला बावीस बी मोठी झाली असती. पण मोठी दिली म्हणजे मान मोठा! माझी पंचविशी, समोर सगळी वऱ्हाडी मंडळी. म्हटलं, लई झकास. आणि त्या सायकलीवर म्या सगळी नोकरी काढली."

मामा वीज मंडळात मीटर रीडर होते. ऊन असो, पाऊस असो, सगळ्या नांदेडात घरोघर सायकलीवर फिरून मीटरचे आकडे टिपायचे. हे मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

"चढायला ओटा लागायचा, उतरायला दगड. नांदेडातला एकेक दगड मला ठाऊक हाय, कुठं पाय टेकतो, कुठं न्हाई. लोकांना वाटायचं, मीटर रीडर लई मायाळू, प्रत्येक ओट्याला थांबून इचारपूस करतो. अरे, इचारपूस कशाची? पाय टेकत न्हवते! सासरा भेटला की इचारायचा, गाडी कशी हाय? म्या म्हणायचो, झकास. तो गेला तवर झकासच म्हणत राहिलो."

आम्ही हसावं की काय करावं, कळेना. बायकोचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"त्या दिवशी अंगणातून तुमचे पाय लोंबकळताना बघितले. म्हटलं, सासऱ्यानं केलं तेच म्या केलं. पण वाटलं, जावई शिकलेला, यापारी माणूस, सांगतील. रोज फोन कशासाठी करत होतो? आज सांगतील, उद्या सांगतील. आणि तुम्ही काय केलं? वीट घेतली!" आता मात्र ते खरंच चिडले. "आजारी माणसाला सांगू न्हाई, असंच ना? सायकल बदला म्हटल्यानं मेलो असतो का मी?"

"न्हाई मामा."

"मग चला. ती तुमची बघितलेली दाखवा."

दारातून निघताना मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, ही मोठी मी नेऊ का मग?" त्याच्या तोंडावरून कळलं, हे तो दुकानातच ठरवून बसला होता.

करडी सायकल अजून तिथंच होती. अधिक महिना केव्हाच सरला होता, बायकोनं तसं म्हटलंही. मामा म्हणाले, "देवाला चालतंय. जावयाला चालली पाहिजे." दुकानदारानं मला सायकलीवर बसवलं. मामा कमरेतून वाकले, माझ्या बुटांच्या खाली बोट घालून बघितलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. वीट आहे का बघतायत, असं मेव्हणा म्हणाला. "टेकले," मामा म्हणाले, आणि असे खूश झाले की जणू मीटरच बरोबर निघालं.

मी उतरलो. मामा तिथंच उभे. हँडलवरून हात फिरवत होते. मग दुकानदाराला म्हणाले, "माझ्या मापाची असती का हो ह्यात?"

बायको "बाबा, अहो" म्हणेपर्यंत दुकानदारानं आतून एक काढली. तसलीच हायब्रीड, पण दांडा खाली वळवलेला, निळी. सीट तळाला घातली. मी एका बाजूनं हँडल धरलं, मेव्हण्यानं दुसऱ्या बाजूनं. मामांनी धोतर सावरलं, पाय पलीकडं टाकला, आणि बसले.

दोन्ही पाय फरशीवर. टाचांसकट.

मामांनी खाली बघितलं. एक पाय उचलून परत टेकवला, मग दुसरा. पुन्हा पहिला. असं करत राहिले. "अशी असती व्हय सायकल," ते म्हणाले. सगळा जन्म सायकलीवर काढलेला माणूस हे म्हणाला, आणि मला रडू आलं. मी खोकल्याचं नाटक केलं.

"मामा, आत्ता घेऊन टाकू ही. माझ्याकडून," मी म्हणालो.

"आत्ता? ऑपरेशन झालेल्या माणसाला पोरगी चालवू देईल का?" ते सायकलीवरून काही उतरले नाहीत. "पुढच्या अधिकाला द्या. जावयानं सासऱ्याला. उलटं वाण! तवर मी फिरून फिरून पाय तयार ठेवतो."

पुढचा अधिक. हाच माणूस फोनवर म्हणाला होता, बघतो का न्हाई. त्याच्या ध्यानातही नव्हतं. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

रस्त्यात तिला म्हणालो, अगं, तीन वर्षं कशाला थांबायचं, पुढच्या महिन्यात नेऊन देतो. तर ती माझ्यावर खेकसली. "मुळीच नाही. त्यांनी अधिकाला मागितलीय, अधिकालाच द्यायची. तोवर बघू द्या वाट."

मी आता रोज सकाळी औसा रस्त्याला जातो. पाय टेकतात. मामा नांदेडात रोज पायी फिरतात, जेवणाच्या वेळा पाळतात, आणि संध्याकाळी न चुकता फोन करतात. माझी सायकल कशी आहे ते आता विचारत नाहीत. विचारतात, "ती निळी हाय ना अजून दुकानात?"

"हाय मामा," मी सांगतो. दुकानदाराला मी सांगूनच ठेवलंय.